किनाऱ्यावरच्या गावात पक्षी बघायला एक दिवस: आधी भरतीची वेळ बघा

प्रश्न थोडक्यात असा: ‘मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला समुद्रकाठच्या एखाद्या छोट्या गावात एक निवांत दिवस घालवायचा आहे. मला पक्षी बघायचेत, पण अनुभव बेताचाच. ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण आहे, स्कोप (तिकाटण्यावर लावायची मोठी एकनळी दुर्बीण) नाही. ताईला पक्ष्यांचं फारसं वेड नाही, तिला गाव भटकायचंय. धावपळ नको. दिवस कसा आखावा?’

गाडीचं, जेवणाचं, राहण्याचं नंतर बघा. आधी त्या गावाजवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा आणि तुम्ही जाणार त्या तारखेच्या वेळा कागदावर लिहून घ्या. पक्षी बघायचे तर पहाटे उठायला हवं, हे रानात खरं. चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांना मात्र सूर्याशी फारसं देणंघेणं नसतं. चिखल उघडा पडला की खायचं आणि बुडाला की झोपायचं, एवढाच त्यांचा दिनक्रम. चिखल मध्यरात्री उघडा पडला तर ते मध्यरात्रीही चरतात. तुम्ही पहाटे पाचला उठून, डोळे चोळत किनाऱ्यावर पोचलात आणि तेव्हा पूर्ण ओहोटी असली, तर अर्धा-एक किलोमीटरवर हलणारे ठिपके दिसतील. त्यांना नाव देणं स्कोपवाल्यालाही जड जातं.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून कुणी ‘गेल्या रविवारी सकाळी अकराला तिथे काय पक्षी होते!’ असं सांगितलं, तर या रविवारी अकराला जाऊ नका. सात दिवसांत ही वेळ जवळजवळ सहा तास सरकलेली असते. गेल्या आठवड्यात अकराला भरती होती, तर या आठवड्यात त्याच वेळी ओहोटीच्या आसपास पाणी असणार.

पाणी सहाही तास एकाच वेगाने चढत नाही, हेही लक्षात ठेवा. दर्यावर्दी लोकांचा यासाठी एक जुना ठोकताळा आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंत जेवढं पाणी चढायचं, त्याचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येऊन जातं. या दोन तासांत चिखलपट्टा बघता बघता आक्रसतो आणि त्यावर पांगलेले पक्षी काठाकडे, म्हणजे तुमच्याकडे, ढकलले जातात. तुम्ही काही करायचं नसतं. एका जागी बसायचं, पाणी त्यांना घेऊन येतं.

समजा भरती सकाळी अकराची आहे. मग साडेसातला जागेवर पोचा आणि आठ ते दहा जीव ओतून बघा. दहानंतर उरलासुरला चिखल बुडतो, पक्षी झुंडीने उठून मिठागरात, वाळूच्या दांड्यावर नाहीतर एखाद्या कोरड्या माळावर जाऊन बसतात. तुमची सकाळ तिथे संपली. आता गाव ताईचं. जेवा, हिंडा, हवं तर चक्क तासभर झोपा. दुपारी उतरत्या पाण्यात पक्षी पुन्हा चिखलावर येतात, पण पहिल्या दीड-दोन तासांतच ते काठाजवळ असतात. नंतर पाण्याच्या मागे मागे दूर जातात.

उलट, भरत्या पहाटे सहाला आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला असल्या तर दिवस उलटा लावा. सकाळी उशिरा निघा, दुपारपर्यंत गाव बघा, आणि साडेतीनपासून अंधार पडेपर्यंत काठावर बसा. निवांत दिवसासाठी मला स्वतःला ही दुसरी मांडणी जास्त आवडते. पहाटेची घाई नसते, आणि ताईची कुरबुर सुरू व्हायच्या आत तिचं गाव पाहून झालेलं असतं.

तारीख निवडायची मोकळीक असेल तर अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस बघा. उधाणाची भरती मोठी असते, चिखल पुरता बुडतो, त्यामुळे पक्ष्यांना उठून जवळ येण्यावाचून गत्यंतर नसतं. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या, म्हणजे छोट्या, भरतीला बऱ्याच ठिकाणी बाहेरचा चिखल थोडा उघडाच राहतो आणि पक्षी तिथेच खुशाल बसून राहतात. इंग्लंडमध्ये द वॉश नावाच्या उपसागरावर स्नेटिशम म्हणून जागा आहे. तिथे मोठ्या उधाणाला हजारो नॉट पक्षी एकदम उठतात आणि डोक्यावरून जाऊन मागच्या तळ्यांवर उतरतात. लोक तो देखावा बघायला दुरून येतात, पण वेळापत्रक पाहूनच, कारण छोट्या भरतीला तो घडतच नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. तिथेही जुलै-ऑगस्टमध्ये तुतवारांचे (चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांचे) प्रचंड थवे भरतीच्या वेळी अरुंद किनाऱ्यावर दाटीवाटीने बसतात.

हे सगळं भूमध्य समुद्राच्या किंवा बाल्टिकच्या काठी फारसं उपयोगी नाही. तिथे भरती-ओहोटी जेमतेम असते, पाण्याची पातळी वारा ठरवतो. तिथे उथळ सरोवरं आणि मिठागरं गाठा आणि ऊन पाठीवर येईल अशी वेळ निवडा.

उन्हाचं म्हणाल तर भरतीखालोखाल तेच महत्त्वाचं. पूर्वेला तोंड करून सकाळी बसलात तर चकाकणाऱ्या पाण्यावर सगळे पक्षी काळेच दिसतील, मग रंगाची पुस्तकं कितीही पाठ असू देत. नकाशा उघडून समुद्र कुठल्या दिशेला आहे ते आधीच बघा. पुष्कळदा खाडीचा दुसरा काठ धरला की काम होतं. भरती आणि ऊन दोन्ही मनासारखं जुळलं नाही, तर भरतीला मान द्या. लांबवर छान उजेडात असलेल्या पक्ष्यापेक्षा जवळचा, थोडा उन्हाआडचा पक्षी बरा. दुपारी तापलेल्या वाळूवरून हवा थरथरते, तेव्हा दुर्बीण कितीही भारी असली तरी दूरचं चित्र पाण्यात बुडल्यासारखं हलतं. तेव्हा दूरचं बघायचा हट्ट सोडा.

तुमची ८×४२ पुरेशी आहे. दहापटीची घ्यावी का, हा प्रश्न पुढे येईलच. वाऱ्यावर हात हलतो आणि दहापट दुर्बिणीत ते हलणं जास्त जाणवतं, म्हणून किनाऱ्यावर मी आठपटच गळ्यात घालतो. स्कोप हवासा वाटेल खरा, पण एका निवांत दिवसासाठी तिकाटणं खांद्यावर घेऊन हिंडायचं काही नडलेलं नाही. भिंतीवर कोपरं टेकवून बघा, निम्मा फायदा तिथेच मिळतो.

आता ओळखण्याबद्दल. चिखलावरचे पक्षी पहिल्यांदा बघणारा माणूस रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. हिवाळी पिसाऱ्यात निम्मे पक्षी वरून करडे आणि खालून पांढरे असतात. रंग बाजूला ठेवा आणि पक्षी खातो कसा ते बघा. चिखल्या चार पावलं पळतो, थबकतो, टक लावून बघतो, टोच मारतो आणि पुन्हा पळतो. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड, कारण तो नजरेने शिकार करतो. तुतवार मात्र मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात घालत-काढत चालत राहतो. त्याचं काम स्पर्शाने चालतं. अशा पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला दाब ओळखणारे सूक्ष्म ग्राहक असतात. नॉट पक्षी तर ओल्या वाळूत चोच खुपसली की आत दडलेल्या शिंपल्यामुळे वाळूतल्या पाण्याच्या दाबात पडणारा फरक ओळखतो, असं नेदरलँड्सच्या थ्यूनिस पियर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रयोगांनी दाखवलं. चोच शिंपल्याला लागायचीही गरज नसते.

चरण्याची तऱ्हा कळली की लांबी बघा. चोच डोक्याइतकी आहे, डोक्याच्या दीडपट आहे की दुप्पट? वर वळलेली, खाली वळलेली की सरळ? पायाचा रंग कुठला? आणि उडाला की पंखावर पांढरा पट्टा दिसतो का, कमरेवर पांढरं आहे का? एवढ्यावर बरेच पक्षी वेगळे करता येतात. राहिलेल्यांना ‘छोटा तुतवार, कुठला ते कळलं नाही’ असं लिहून पुढे जा. अनुभवी लोकांच्या वहीतही ही ओळ असते.

पहिल्या दिवशी कुठलाही एक पक्षी धरून त्याच्याकडे सलग दहा मिनिटं बघा. कोरल मिळाला तर उत्तम. मोठा, मातकट, लांबलचक खाली वाकलेल्या चोचीचा पक्षी. तो चिखलातल्या बिळात चोच जवळजवळ मुळापर्यंत घालतो, मान तिरकी करून आत फिरवतो आणि खेकडा बाहेर ओढतो. लगेच गिळत नाही. खेकड्याला धरून झटके देतो, एकेक पाय गळून पडतो, खाली पडलं तर पुन्हा उचलून झटकतो. मग उरलेलं धड चोचीच्या टोकाकडून घशाकडे सरकवत नेतो, आणि तेवढी लांब चोच असल्यामुळे त्या प्रवासालाही वेळ लागतो. कधी कधी नेमक्या याच क्षणी कुरव (सीगल) येऊन घास पळवतो. ताईला पक्ष्यांत रस नाही म्हणता, पण हा तमाशा तिला दाखवून बघा.

वाळूच्या किनाऱ्यावर लाट ओसरली की तिच्यामागे धावणारे आणि लाट आली की तिच्यापुढे पळणारे छोटे फिकट पक्षी दिसले, तर ते बहुधा सॅण्डरलिंग. ते गेल्यावर ओल्या वाळूवरचे ठसे बघा. मागच्या बोटाची खूण नसते, कारण सॅण्डरलिंगला मागचं बोटच नसतं. दगडगोटे आणि वाहून आलेलं समुद्री गवत उलथत फिरणारा टर्नस्टोन तर त्याच्या कामावरूनच ओळखू येतो.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे: पक्षी उडवायचे नाहीत. फोटोसाठी थव्याकडे चालत जाणारे लोक सगळीकडे भेटतात, आणि थवा उठला की टाळ्या वाजवणारेही. हे पक्षी तिथे सहलीला आलेले नसतात. ऑक्टोबर २०२२मध्ये अंगावर उपग्रह ट्रान्समीटर लावलेला, जेमतेम पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून निघाला आणि मध्ये कुठेही न उतरता ११ दिवसांनी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात पोचला. अंतर १३,५६० किलोमीटर. असा प्रवास निघण्यापूर्वी गॉडविटच्या वजनात निम्म्याच्या आसपास चरबी असते आणि ओझं कमी व्हावं म्हणून पचनाची इंद्रियं आक्रसलेली असतात. ती चरबी चिखलावरच्या एकेका किड्यातून जमवावी लागते. भरतीच्या वेळी थवा दाटीने झोपलेला असतो तेव्हा उठवणं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा खायला काही नसतं आणि उडण्यात साठा मात्र जळतो.

कुठे थांबायचं ते पक्षीच सांगतात. चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर केल्या, खाणं थांबवलं, की तुम्ही जरा जास्तच जवळ आलात. ते तुमच्याकडे पाठ करून चालू लागले तर चार पावलं मागे या. आधीच येऊन खाली बसलेल्या माणसाजवळ पक्षी आपणहून पुष्कळ जवळ येतात. उभ्या माणसाने चालत जाऊन तेवढी जवळीक मिळत नाही. म्हणून पाठीमागे भिंत, बांध किंवा झुडूप असेल अशी जागा निवडा, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती उठून दिसणार नाही. आणि चिखलपट्ट्यावर आत चालत जाऊ नका. चढतं पाणी समोरून येतंच, शिवाय ते ओहळांतून तुमच्या मागेही भरतं, आणि परतीची वाट बंद झाल्यावरच ते लक्षात येतं.

आता गावाकडे वळू. ताईसाठी गाव आणि माझ्यासाठी पक्षी, अशी वाटणी मनात करू नका, कारण छोट्या किनारी गावात दोन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं. धक्क्यापासून सुरुवात करा. ज्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो, तिथे होड्यांनाही पुरेसं पाणी चढल्याशिवाय आत येता येत नाही, म्हणजे तुमच्या कागदावरची वेळ त्यांनाही लागू. होड्या आल्या की मासळी उतरते आणि कुरव गोळा होतात. कुरवांना लोक कंटाळतात, कारण दोन कुरव सारखे दिसत नाहीत. त्याचं कारण वय. मोठ्या जातीच्या कुरवांना पुऱ्या प्रौढ पिसाऱ्याला यायला साधारण चार वर्षं लागतात, छोट्यांना दोन. त्यामुळे एका धक्क्यावर तपकिरी, चट्ट्यापट्ट्यांची, अर्धवट करडी आणि स्वच्छ पांढरी-करडी पिलावळ एकत्र दिसते आणि नवख्याला वाटतं, या पाच जाती असाव्यात. धक्क्यावर पक्षी माणसाला सरावलेले असतात, चार-पाच मीटरवर बसतात. वय ओळखायचं शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. तोवर ताई होड्यांवरची नावं वाचेल, जाळी विणणाऱ्यांशी बोलेल. पक्षी कुठे बसतात हे त्या लोकांना पक्षीनिरीक्षकांपेक्षा जास्त ठाऊक असतं, तेव्हा तिलाच विचारायला सांगा.

दीपगृह असेल तर जरूर जा. प्रत्येक दीपगृहाच्या झळकण्याची लय ठरलेली असते आणि ती सागरी नकाशांवर छापलेली असते. संध्याकाळी थांबणार असाल तर घड्याळ लावून ती मोजण्यात मजा आहे. फ्रेनेल भिंगाचा (दिव्याचा उजेड एकवटून दूर फेकणाऱ्या भिंगाचा) पहिला दिवा १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपगृहात बसला. त्या प्रकारची जुनी भिंगं काही ठिकाणी अजून बघायला मिळतात. आणि दीपगृहाचा पक्ष्यांशी संबंध जुना आहे. ढगाळ, धुक्याच्या रात्री स्थलांतर करणारे पक्षी उजेडाकडे ओढले जातात. हे जवळून अभ्यासावं म्हणून विल्यम ईगल क्लार्क हे पक्षिशास्त्रज्ञ १९०१च्या शरदात महिनाभर इंग्लंडच्या दक्षिणेला समुद्रातल्या एडिस्टोन दीपगृहात जाऊन राहिले होते.

गावातली झाडं सोडू नका. रात्रभर समुद्रावरून उडून दमलेला छोटा पक्षी जमीन लागताच जे पहिलं झुडूप दिसेल त्यात शिरतो. म्हणून स्थलांतराच्या दिवसांत गावाची समुद्राकडची परसं, स्मशानाभोवतीची झाडी, देवळा-चर्चचं आवार, मोडक्या नळाखालचं डबकं या जागा आतल्या रानापेक्षा भरलेल्या असू शकतात, विशेषतः रात्री पाऊस किंवा उलटा वारा झाला असेल तर. उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड या चिमुकल्या बेटावर एकोणिसाव्या शतकात हाइनरिश गेट्के हे चित्रकार कित्येक दशकं राहिले आणि बेटावर उतरणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी करत गेले. एवढ्याशा जागेवर त्यांनी जवळजवळ ४०० जाती नोंदवल्या. तेव्हा गल्लीबोळांतून ताईबरोबर रमतगमत हिंडताना दुर्बीण पिशवीत ठेवू नका. लोकांच्या खिडक्यांकडे ती रोखू नका, एवढं मात्र पाळा.

एक जागा कुठल्याच पर्यटन पत्रकात नसते: गावाचं सांडपाणी समुद्राला मिळतं ते ठिकाण. वास येतो, ताई येणार नाही. पण कुरव आणि सुरय (टर्न) तिथे हमखास घिरट्या घालत असतात. दहा मिनिटं एकट्याने जाऊन या.

जोरदार वारा सुटला आणि चिखलावर बसणं अशक्य झालं, तर दिवस फुकट गेला असं समजू नका. वारा समुद्राकडून जमिनीकडे असेल तर एरवी खोल समुद्रात राहणारे पक्षी किनाऱ्याजवळून जातात. एखाद्या टेकाडावर, भिंतीच्या आडोशाला बसा, दुर्बीण क्षितिजाच्या किंचित खाली स्थिर धरा आणि पक्ष्यांना तिच्यातून जाऊ द्या. दुर्बीण फिरवत राहिलात तर लाटांशिवाय काही दिसणार नाही.

निघण्यापूर्वी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या गावाच्या गेल्या दोन-तीन आठवड्यांच्या याद्या चाळा. कॉर्नेल लॅब आणि नॅशनल ऑडुबॉन सोसायटी या अमेरिकेतल्या पक्षीसंस्थांनी २००२ साली सुरू केलेली ही व्यवस्था फुकट आहे. नेमकी कुठल्या बांधावरून माणसं बघतात ते तिथे कळतं. पण त्या याद्यांतली नावं पुरी करायची म्हणून पाच ठिकाणं पालथी घालू नका. एक चिखलपट्टा, एक धक्का, एक झाडी, एवढं एका दिवसाला पुरे. सोबत टोपी, पाणी, वारा अडवणारं जाकीट आणि बसायला एखादी चटई घ्या. ओल्या दगडावर दोन तास बसल्यावर चटईची किंमत कळते.

आणि कुठल्या पक्ष्याच्या पायात रंगीत झेंडी किंवा कडी (अभ्यासक ओळखीसाठी लावतात ती) दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवून तीच वाचा. रंग कुठला, झेंडी डाव्या पायाला की उजव्या, सांध्याच्या वर की खाली, त्यावर अक्षरं-आकडे कुठले, हे जागच्या जागी वहीत लिहा. (गुडघा उलटा वाकलाय असं वाटतं तो सांधा खरं तर घोटा असतो. लिहिताना नुसतं ‘सांध्याच्या वर’ म्हटलं तरी चालतं.) पूर्व आशिया ते ऑस्ट्रेलिया या स्थलांतरमार्गावर प्रत्येक प्रदेशाला झेंड्यांचे रंग वाटून दिलेले आहेत. साधी नारिंगी झेंडी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाची, पिवळी वायव्य ऑस्ट्रेलियाची. मोबाइलने दुर्बिणीतून काढलेला धूसर फोटोसुद्धा चालतो. अक्षरं अर्धवट वाचता आली तर तेवढीच लिहा, उरलेली अंदाजाने भरू नका. चुकीचा आकडा दुसऱ्याच पक्ष्याच्या नावावर जमा होतो.